घरातलं नेट जोरात चालवायचं तर: फायबरच्या जोडणीपासून स्मार्ट दिव्यांपर्यंत

नवी फायबर जोडणी घेताना घरात चर्चा होते ती एकाच आकड्याची. १०० एमबीपीएस पुरेल की ३०० घ्यावा? जोडणी होते, हॉलमध्ये नेट सुसाट पळतं, आणि दोन दिवसांत आतल्या बेडरूममधून हाक येते, "अरे, इथे रेंजच नाही!" मग प्लॅन वाढवला जातो. बेडरूममध्ये काही फरक पडत नाही, कारण अडचण कंपनीकडून येणाऱ्या वायरीत नव्हतीच. ती हॉल आणि बेडरूम यांच्यामधल्या पंधरा-वीस फुटांत होती.

म्हणून सगळ्यात आधी एक नियम सांगतो. पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जी वस्तू जागची हलत नाही आणि भरपूर डेटा खाते, तिला वायर द्या. हवा मोकळी ठेवा मोबाइल आणि लॅपटॉपसाठी. टीव्ही, डेस्कटॉप, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, दुसरा राउटर ही सगळी वायरीवर. स्मार्ट दिवे आणि प्लग हलत नसले तरी चिमूटभरच डेटा वापरतात, त्यांना वायफाय चालतं.

उदाहरणासाठी मी साधा टू बीएचके फ्लॅट धरला आहे. बंगला किंवा गावचं घर असेल तर काय बदलतं, ते त्या त्या ठिकाणी सांगेन.

प्लॅन घेण्याआधी

एमबीपीएसमधला 'बी' हा बिटचा आहे आणि आपण फाइल मोजतो बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी उतरतात. डाउनलोडच्या खिडकीत '११ एमबी' दिसलं की अनेकांना आपली फसवणूक झाली असं वाटतं. ती झालेली नसते.

आता गरज बघा. एचडी सिनेमाला साधारण ५ एमबीपीएस लागतात, फोर-के असेल तर १५ ते २५. व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस पुरतात. चौघांच्या घरात एक जण मीटिंगमध्ये, एक टीव्हीसमोर आणि दोघं मोबाइलवर असले तरी १००चा प्लॅन व्यवस्थित चालतो. मोठा प्लॅन खरा उपयोगी पडतो तो मोठ्या फायली उतरवताना. १०० जीबीचा गेम १०० एमबीपीएसवर सव्वादोन तास घेईल, ३००वर पाऊण तास. घरात गेम खेळणारं किंवा व्हिडिओ एडिटिंग करणारं कोणी नसेल तर ते पैसे चांगल्या राउटरवर आणि केबलवर घाला.

कंपनीला विचारायच्या गोष्टी तीन. अपलोडचा वेग डाउनलोडइतकाच आहे का? (कॅमेरे लावायचे असतील तर हा आकडा महत्त्वाचा.) महिन्याची डेटा मर्यादा किती आणि ती संपल्यावर वेग कितीवर येतो? आणि जो डबा तुम्ही बसवणार आहात त्याचे लॅन पोर्ट (केबल खोचायच्या जागा) गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे, आहेत का, वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन्ही बँडचं आहे का? २०० किंवा ३००चा प्लॅन घेऊन १००च्या पोर्टचा डबा घरी येणं अजूनही घडतं.

माणूस फायबर टाकायला येतो त्या दिवशी

तो दिवस सुट्टी काढून घरी राहण्याच्या लायकीचा आहे. टाकणाऱ्याला दिवसात बरीच घरं करायची असतात. त्यामुळे तो साहजिकच जवळचा रस्ता शोधतो: डक्टमधून किंवा गॅलरीतून वायर आत, दारामागे दोन स्क्रू, काम फत्ते. तुम्हाला डबा कुठे हवा आहे ते तो येण्याआधीच ठरवून ठेवा आणि त्याला नम्रपणे पण ठाम सांगा. दहा-पंधरा मीटर फायबर जास्त लागल्याने वेगात मोजण्याइतका फरक पडत नाही.

तो जो डबा बसवतो त्याला ओएनटी म्हणतात. फायबरमधून येणारा प्रकाश विजेच्या संदेशात बदलणं हे त्याचं काम. बहुतेक ओएनटीमध्ये आता राउटर आणि वायफायही असतं. फायबर म्हणजे काचेचा केसासारखा धागा, तेव्हा तो कोपऱ्यात करकचून दुमडू नका, खिळ्याला गुंडाळू नका. उरलेल्या वायरीचं मुठीपेक्षा मोठं वेटोळं करून ठेवा. टोकाच्या हिरव्या कनेक्टरचा पांढरा शेंडा बोटाने पुसायला जाऊ नका, बोटाचं तेल लागलं तरी सिग्नल पडतो.

जोडणी सुरू झाली की ओएनटीवर 'पॉन' लिहिलेला दिवा स्थिर हिरवा हवा. 'लॉस'चा दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाही. पण दिवे बघून थांबू नका. टाकणाऱ्याला म्हणा, "आरएक्स पॉवर दाखवा." आरएक्स पॉवर म्हणजे फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद. ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर तो आकडा डीबीएम या एककात दिसतो आणि तो उणे असतो. उणे १५ ते उणे २४च्या दरम्यान असेल तर उत्तम. उणे २७ ही बहुतेक घरगुती ओएनटींची शेवटची सीमा. आकडा उणे २६ आला तर नेट आज चालेल, पण वाटेतला एखादा जोड पावसाळ्यात जरा बिघडला की बंद पडेल. त्याच वेळी जोड पुन्हा करून घ्या. शेवटी जो आकडा येईल तो मोबाइलमध्ये लिहून ठेवा. सहा महिन्यांनी नेट रखडायला लागलं, तर कस्टमर केअरशी बोलताना 'तेव्हा उणे १९ होता, आता उणे २६ आहे' हे वाक्य दहा मिनिटांच्या वादापेक्षा जास्त काम करतं.

राउटर कुठे ठेवायचा

घराच्या मध्यावर, उघड्यावर, पाच-सहा फूट उंचीवर. पॅसेजची भिंत बहुतेक फ्लॅटमध्ये सगळ्यात चांगली, कारण तिथून हॉल, दोन्ही बेडरूम आणि स्वयंपाकघर सारख्या अंतरावर येतात.

प्रत्यक्षात राउटर जातो कुठे? टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, चपलांच्या रॅकवर, नाहीतर माळ्यावर पितळी भांड्यांच्या मागे. दिसायला नको म्हणून लपवला जातो आणि मग रेंज नाही म्हणून बोल लावला जातो. वायफायच्या लहरी लाकूड आणि विटांतून बऱ्यापैकी पार होतात. त्या अडतात धातूला आणि पाण्याला. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा (काचेमागे धातूचा थर असतो), फिश टँक आणि आरसीसी कॉलममधल्या सळया हे फ्लॅटमधले खरे अडथळे. राउटर आणि बेडरूम यांच्यामध्ये बाथरूम येत असेल तर टाइल्स, नळाचे पाइप आणि गिझर मिळून सिग्नलचं बरंच नुकसान करतात. मायक्रोवेव्ह २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच चालतो, म्हणून राउटर त्याच्याजवळही नको.

कोकणातल्या चिरेबंदी घरात किंवा घाटावरच्या दगडी वाड्यात हिशोब वेगळा. जांभ्याची फूटभर जाड भिंत, त्यात पावसाळ्यात मुरलेली ओल, आणि अशा दोन भिंती पार करून माजघरात वायफाय पोचावं ही अपेक्षा कोणत्याही राउटरकडून करू नये, तो कितीही महागाचा असो. तिथे खोलीपर्यंत केबल न्यायची आणि खोलीत वायफायचा दुसरा डबा लावायचा, हाच मार्ग.

केबल: सगळ्यात कमी कौतुकाचं, सगळ्यात मोलाचं काम

दुकानात जाऊन 'लॅन केबल द्या' एवढंच म्हणू नका. कॅट-सिक्स मागा आणि 'प्युअर कॉपर' आहे का विचारा. स्वस्त केबलमध्ये अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, वेष्टनावर 'सीसीए' लिहिलेलं असतं. ती वाकवताना आतून तुटते आणि जोडाशी कालांतराने खराब होते. भिंतीच्या आत एकदा गेलेली केबल पुन्हा काढणं म्हणजे अख्खा दिवस जातो, तेव्हा इथे दोन पैसे वाचवू नका. घरातल्या अंतरांना कॅट-फाइव्ह-ई सुद्धा १ गिगाबिटला पुरते (१०० मीटरपर्यंत). नव्याने टाकताना मात्र कॅट-सिक्सच घाला.

भिंत फोडायची भीती वाटत असेल तर आधी घरातले जुने पाइप शोधा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बांधलेल्या बहुतेक इमारतींमध्ये केबल टीव्हीसाठी आणि टेलिफोन किंवा इंटरकॉमसाठी कन्सील्ड पाइप घातलेले असतात: हॉलपासून बेडरूमपर्यंत, कधी दाराजवळच्या डीबीपर्यंत (विजेच्या मुख्य पेटीपर्यंत). सेट टॉप बॉक्सची काळी केबल आज वापरात नसेल तर तिच्याच शेपटाला लॅन केबल चिकटपट्टीने घट्ट बांधा आणि दुसऱ्या टोकाने जुनी केबल हळूहळू ओढा. वायरमनकडे त्यासाठी स्प्रिंग असतेच. पाइप कुठे बुजला असेल तर स्कर्टिंगच्या वरून पांढरी केसिंग पट्टी मारा. रंग दिल्यावर ती फारशी डोळ्यात येत नाही. एक पथ्य पाळा: विजेच्या वायरींच्या पाइपात लॅन केबल घालायची नाही. विजेचा अडथळा सिग्नलमध्ये मिसळण्याचा प्रश्न दुय्यम आहे, पहिला प्रश्न जिवाच्या सुरक्षिततेचा.

टोकाला जॅक बसवताना रंगांचा क्रम दोन्हीकडे एकच हवा. आपल्याकडे बहुतेक सगळे 'बी' पद्धत वापरतात. क्लिप खालच्या बाजूला आणि तारा आपल्यापासून पुढे जातील असा जॅक धरला, तर डावीकडून क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी येते, तिथेच नवशिक्याची गल्लत होते. तारा सरळ करून एका रेषेत कापा, जॅकच्या पुढच्या पारदर्शक भिंतीला आठही तारांची तांबडी टोकं टेकलेली दिसली पाहिजेत आणि बाहेरचं वेष्टन जॅकच्या आत गेलेलं पाहिजे. मगच क्रिम्पर दाबा.

हे इतक्या बारकाईने सांगण्याचं कारण आहे. १ गिगाबिटला आठही तारा लागतात. १०० एमबीपीएसला चारच. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी नीट बसली नसेल तर केबल बंद पडत नाही, ती मुकाट्याने १००वर उतरते. नेट चालू दिसतं, स्पीड टेस्ट ९३-९४वर अडकून राहते आणि दोष प्लॅनला दिला जातो. ३००च्या प्लॅनवर वायरीने जोडलेल्या लॅपटॉपमध्ये ९४च्या आसपासचा आकडा पुन्हा पुन्हा आला, तर ९० टक्के लक्ष जॅककडे आणि पोर्टकडे द्या. साधा लॅन टेस्टर मिळतो, एक ते आठ दिवे क्रमाने लागले की काम पक्कं.

बंगल्यातून आउटहाउसला किंवा गोठ्याकडच्या कॅमेऱ्याला उघड्यावरून तांब्याची लॅन केबल नेऊ नका. मे-जूनमधल्या वळवाच्या विजा जवळ कोसळल्या तरी त्या केबलमधून दोन्हीकडचे डबे जाळतात. बाहेरच्या अंतराला फायबर टाका आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारा छोटा डबा) लावा. काचेतून वीज वाहत नाही.

राउटर, दुसरा राउटर आणि मेश

नवा राउटर घेताना वायफाय ६, दोन बँड आणि सगळे पोर्ट गिगाबिट एवढं बघा. वायफाय ७ २०२४पासून बाजारात प्रमाणित होऊ लागलं आहे, पण तुमचे फोन आणि टीव्ही जुने असतील तर आज त्याचा फायदा थोडाच. अँटेनांच्या संख्येवर भुलू नका.

एक डबा सगळ्या घराला पुरत नसेल तर पर्याय तीन. पहिला, प्लगमध्ये खोचायचा रिपीटर. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्यावरच पुढे पाठवतो, म्हणून वेग साधारण अर्धा होतो. गॅलरीत फक्त व्हॉट्‌सअ‍ॅप चालावं एवढीच इच्छा असेल तर ठीक. दुसरा, मेशचे, म्हणजे मिळून एकच वायफाय चालवणारे, दोन-तीन डबे. हे चांगलं काम करतात, पण त्यांच्यामध्येही केबल जोडली तरच पूर्ण वेग मिळतो. तिसरा माझ्या मते सगळ्यात किफायती: घरात पडलेला जुना चांगला राउटर केबलने जोडून अ‍ॅक्सेस पॉइंट करायचा, म्हणजे फक्त वायफाय देणारा डबा.

जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा, संपलं. नसेल तर त्याचा पत्ता बदला (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या), त्यातलं डीएचसीपी (घरातल्या वस्तूंना पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि मुख्य राउटरकडून आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये नाही तर लॅन पोर्टमध्ये लावा. वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरसारखाच ठेवा, म्हणजे फोन एका खोलीतून दुसरीत जाताना आपोआप जवळचा डबा धरेल. डीएचसीपी बंद करायचं राहिलं तर घरात दोन मालक पत्ते वाटू लागतात, कधी प्रिंटर दिसेनासा होतो, कधी नेट जातं, आणि कारण सापडता सापडत नाही.

हीच काळजी कंपनीच्या ओएनटीमागे स्वतःचा राउटर लावताना घ्या. एक तर कंपनीला सांगून ओएनटी ब्रिज मोडमध्ये (त्यातला राउटर बंद करून) टाकून घ्या, नाहीतर तुमचा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट करा. ओएनटीचं वायफाय बंद करायला विसरू नका. एकाच घरात नको तितके डबे एकमेकांवर ओरडत राहिले तर सगळ्यांचंच नुकसान.

सेटिंगमधली अर्ध्या तासाची मेहनत

राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर पत्ता, नाव आणि पासवर्ड असतो. ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकून आत जा आणि सगळ्यात आधी अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा. अनेकजण पहिला बदलतात आणि दुसरा 'अ‍ॅडमिन' असाच सोडून देतात. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-२ आणि ३ मिश्र हा पर्याय निवडा, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद करा, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा.

आता चॅनेल. २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. सोसायटीत वीस घरांची वायफाय दिसतात आणि ती सगळी याच तिघांत कोंबलेली असतात. रुंदी २० मेगाहर्ट्‌झच ठेवा. ४० ठेवली तर कागदावर वेग वाढतो, गर्दीत मात्र कमीच होतो. ५ गिगाहर्ट्‌झवर आपल्याकडे २०१८च्या ऑक्टोबरपासून बरीच मोठी जागा परवान्याशिवाय खुली झाली आहे, तेव्हा तिथे ८० मेगाहर्ट्‌झ रुंदी ठेवायला हरकत नाही. ३६ किंवा १४९ यांतला जो मोकळा दिसेल तो चॅनेल घ्या. मोबाइलवर वायफाय अ‍ॅनलायझरचं एखादं मोफत अ‍ॅप टाकलं की शेजाऱ्यांचे चॅनेल आणि प्रत्येक खोलीतली सिग्नलची ताकद दिसते. उणे ५० म्हणजे झकास, उणे ६७पर्यंत व्हिडिओ कॉल बिनतक्रार, उणे ७५च्या खाली त्रास ठरलेला.

नावं किती ठेवायची? माणसांसाठी एकच नाव, दोन्ही बँडला मिळून. फोन स्वतः ठरवू देत. आणि स्मार्ट वस्तूंसाठी गेस्ट नेटवर्कवर (मुख्य नेटवर्कपासून वेगळं ठेवलेलं, पाहुण्यांसाठीचं वायफाय) फक्त २.४चं वेगळं नाव. का, ते आता पुढे.

स्मार्ट वस्तू: दिव्यापासून नको, बटणापासून सुरुवात करा

बहुतेकांची पहिली खरेदी स्मार्ट बल्ब असते. तो बल्ब चालतो तोवरच, जोवर भिंतीवरचं बटण कोणी बंद करत नाही. घरातली आजी झोपायला जाताना बटण दाबणारच, ती सवय पन्नास वर्षांची आहे आणि ती योग्यच आहे. बटण बंद झालं की बल्ब मेला, मोबाइलवरून काही होत नाही. म्हणून स्विचबोर्डच्या मागे बसणारं स्मार्ट मॉड्यूल घ्या. जुनं बटणही चालतं, मोबाइलही चालतो, आवाजही चालतो, आणि कोणाला काही नव्याने शिकावं लागत नाही.

मॉड्यूलला न्यूट्रल लागते. आपल्याकडच्या बोर्डांवर बटणांबरोबर प्लगही असतो, त्यामुळे न्यूट्रल बहुधा बोर्डातच सापडते. जिथे फक्त बटणं आहेत तिथे ती नसू शकते. 'विना न्यूट्रल' मॉड्यूलही मिळतात, पण त्यांतून थोडा प्रवाह सतत वाहतो आणि कमी वॉटचे एलईडी बंद असतानाही मंद पेटलेले किंवा लुकलुकताना दिसतात. पंख्यासाठी पंख्याचंच मॉड्यूल घ्या, दिव्याचं नको. हे काम माहितगार वायरमनकडून, एमसीबी पाडून आणि टेस्टरने खात्री करूनच करवून घ्या.

स्मार्ट प्लगच्या बाबतीत एक हिशोब करायचाच. वॉट भागिले २३० म्हणजे अँपिअर. २००० वॉटचा गिझर सुमारे पावणेनऊ अँपिअर ओढतो, ३००० वॉटचा इन्स्टंट गिझर १३. दहा अँपिअरच्या प्लगवर गिझर लावला तर तो रोज अर्धा तास त्याच्या मर्यादेच्या जवळ तापत राहतो. गिझर, एसी आणि इस्त्रीला १६ अँपिअरचा प्लग, दुसरा विचार नको. एसी-टीव्हीसाठी आयआर ब्लास्टर हा छोटा डबा फार उपयोगाचा आहे. जुन्या रिमोटवर चालणाऱ्या एसीला तो मोबाइलवर आणतो, एसी बदलावा लागत नाही.

आता वेगळ्या नावाचं कारण. या वस्तूंमधली बहुतेक चिप फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ ओळखते. फोन ५वर असेल तर काही अ‍ॅप जोडणीच्या वेळी अडकून बसतात आणि माणूस वैतागून वस्तू परत करतो. जोडण्याआधी फोन त्या २.४च्या नावावर घ्या, ब्लूटूथ आणि लोकेशन चालू करा, बहुतेक वेळा पहिल्या फटक्यात जोडणी होते. दुसरं कारण सुरक्षेचं. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातलाच पासवर्ड राहिलेले हजारो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर साइटची नावं त्यांच्या पत्त्यांशी जोडून देणाऱ्या डाइन या अमेरिकी कंपनीवर हल्ला चढवला. ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या मोठमोठ्या साइट काही तास कोलमडल्या होत्या. स्वस्तातला कॅमेरा गेस्ट नेटवर्कवर असेल तर तो बिघडला तरी तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचत नाही. टीव्ही वायफायवर असेल तर तो मात्र माणसांच्या नावावर ठेवा, नाहीतर फोनवरून त्यावर व्हिडिओ टाकता येणार नाही.

वस्तू पंचवीस-तीसच्या पुढे जाणार असतील तर सगळ्या वायफायवर लादू नका. कंपनीचा साधा राउटर एवढ्या जोडण्यांना दमतो. झिगबी (स्मार्ट वस्तूंसाठीची, वायफायहून वेगळी बिनतारी पद्धत) वापरणारा एक हब घ्या, सेन्सर आणि बटणं त्यावर जोडा. झिगबीही २.४वरच चालतं, म्हणून हब राउटरला चिकटवून ठेवू नका आणि वायफाय चॅनेल १वर असेल तर झिगबी चॅनेल २५वर ठेवा. नवीन घेताना 'मॅटर'चं चिन्ह बघा. २०२२च्या अखेरीस आलेल्या या मानकामुळे एका कंपनीची वस्तू दुसरीच्या अ‍ॅपमध्ये चालते. आणि दुकानदाराला एक प्रश्न हमखास विचारा: नेट बंद असताना घरातल्या घरात हे चालेल का? जी वस्तू परदेशातल्या सर्व्हरला विचारल्याशिवाय दिवा लावत नाही, ती माझ्या मते घरात आणू नये.

कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात. एक कॅमेरा साधारण २ ते ४ एमबीपीएस अपलोड खातो, चार असले तर हिशोब धरा. शक्य असेल तिथे एकाच लॅन केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही नेणारा पीओई कॅमेरा लावा. बेडरूमकडे कॅमेऱ्याचं तोंड नको, शेजाऱ्यांच्या दाराकडेही नको. बाहेरून बघण्यासाठी राउटरच्या सेटिंगमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडण्याच्या खटपटीत पडू नका. आपल्याकडच्या अनेक जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे ते चालतही नाही, आणि चाललं तर धोक्याचं आहे.

वीज गेल्यावर

घराला इन्व्हर्टर असला तरी वीज जाताना क्षणभराचा झटका बसतो, राउटर पुन्हा सुरू होतो आणि ऐन मीटिंगमध्ये दोन-तीन मिनिटं जातात. राउटरसाठीचा छोटा यूपीएस हे टाळतो. घेताना अ‍ॅडॉप्टरवरचे दोन आकडे वाचा. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत (बहुधा १२), अँपिअर तेवढेच किंवा जास्त. ओएनटी आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप हवा, हे बऱ्याचदा राहून जातं. फायबर थेट घरात येत असेल तर वाटेतल्या स्प्लिटरला (एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या डब्याला) वीज लागत नाही. पण गच्चीवर केबलवाल्याचा नेटवर्क स्विच (अनेक घरांना नेट वाटणारा डबा) आणि तिथून घरात लॅन केबल, अशी जोडणी असेल तर इमारतीची वीज गेली की तुमच्या यूपीएसचा काही उपयोग नाही. त्याला तिथे बॅकअप ठेवायला सांगा.

नेट बंद पडलं तर, या क्रमाने

आधी ओएनटीचे दिवे बघा. 'लॉस' लाल असेल तर घरातलं काहीही बंद-चालू करू नका, कंपनीला फोन लावा. वायर दुमडली किंवा कोणी ओढली आहे का, तेवढं बघा. दिवे ठीक असतील तर लॅपटॉप केबलने थेट ओएनटीला जोडा आणि स्पीड टेस्ट घ्या. इथे वेग पूर्ण आला तर दोष घरातला. मग केबलने राउटरला जोडून बघा, मग राउटरशेजारी उभं राहून वायफायवर, मग बेडरूममधून. ज्या टप्प्यावर आकडा कोसळतो, दोष त्याच्या आणि आधीच्या टप्प्याच्या मध्ये आहे. राउटर आणि ओएनटी दोन्ही पुन्हा सुरू करायचे असतील तर आधी ओएनटी, त्याचा हिरवा दिवा स्थिर झाल्यावरच राउटर.

हा क्रम, वायफायचं नाव, दोन्ही पासवर्ड, ग्राहक क्रमांक आणि कंपनीचा नंबर एका कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. तुम्ही गावाला असताना घरी आई-बाबा एकटे असतील, तर फोनवर अर्धा तास समजावण्यापेक्षा 'डीबी उघडा, तिसरी ओळ वाचा' हे पुरतं.